शेरा

पाचवीपर्यंत वर्ग खालीच,
म्हणून शाळेला जिना आहे
हे आमच्या कधी लक्षातच आलं नव्हतं.
सहावी वर निघाली. बावीस पायऱ्या.
अकरावीवर वळण, तिथे पूर्वी माठ ठेवायचा कोनाडा,
त्यात सुमेधाला टेकवून मी दम घ्यायची.
जूनमध्ये एकोणतीस किलो, दिवाळीत बत्तीस.
रोज घंटेच्या वीस मिनिटं आधी,
कुणी यायच्या आत.

"उचलून तं आणताच ना बाई रोज,
मंग अडचन काय हाय?"
शिपाई बोलला, आणि खरं सांगायचं तर मायेनंच बोलला.

मोठ्या बाई म्हणाल्या, खालच्या खोलीत बँडचं सामान आहे.
मी जाऊन पाहिलं.
फाटका ढोल, दोन बिगुल,
झेंड्याच्या काठ्यांचा एक भारा.
हलवायचं तर वरून आदेश लागतो.
वरून.
इथे सगळंच वर आहे.

पहिल्या अर्जात मी 'विनंती' लिहिलं.
चौथ्यात ते खोडून 'हक्क'.
हेमराज म्हणाला, जास्त तर नाही होत?
तो मानेवाड्याकडच्या नव्या बंगल्यांना
पायऱ्या काढून देतो.
त्या रात्री थापीवरचं वाळलेलं सिमेंट
नखानं खरवडत बसला बराच वेळ,
मग म्हणाला, राहू दे. हक्कच लिही.

सिव्हिल लाइन्समधलं ते बाकडं, मे महिना.
कूलर होता, त्याचं तोंड साहेबांकडे.
मोमिनपुऱ्याच्या शाहीनबाजी
मुलाच्या कानांवर दोन्ही हात धरून बसायच्या,
ती घरघर त्याला सोसत नाही.
नंदनवारांच्या पोराला फळा दिसत नाही,
म्हणून त्याला शेवटच्या बाकावर बसवलेलं,
पुढे बसून तरी काय बघणार, म्हणे.
बर्फ केलेली एक बाटली
आम्ही मानेवरून मानेवर फिरवत होतो.
दारावरची पाटी नवी झाली होती,
'अपंग' पुसून 'दिव्यांग'.
जुनं अक्षर रंगाखालून दिसत होतं.

शेरे येत गेले.
पाहून कळवू.
संबंधितांकडे.
पालकांनी सहकार्य करावे.

चौथ्या तारखेला साहेब तिच्याकडेच वळले,
"बोल बाळ, तुला काय पाहिजे?"
मी सगळं पाठ करून घेतलं होतं,
उतार, खालचा वर्ग, कायद्याचं कलम.
तिची जीभ हळू चालते.
साहेबांनी पेनाला टोपण लावलं, काढलं, पुन्हा लावलं.
मी तोंड उघडलं तसा हेमराजनं माझा हात दाबला.
"मला घंटा... झाल्यावर... जायचंय.
सगळ्यांसारखं."
थांबली. आम्हाला वाटलं संपलं.
"आणि आईनं... मला... उचलू नये.
मुलं बघतात."

बत्तीस किलोंचा हिशोब माझ्याकडे होता.
हा नव्हता.

शाळा सव्वीस जूनला उघडली, आदेश ऑगस्टात निघाला.
ढोल वर गेला, सातवी खाली आली.
उंबऱ्याला हेमराजनं स्वतः उतार काढला,
रीतसर बिल लावलं,
आणि तीन चकरा मारून वसूलही केलं.
नंदनवारांचा अर्ज अजून तिथेच आहे.
मंगळवारी आम्ही सगळे जाणार आहोत.

परवा फाटकाजवळ कुत्रीनं पिल्लं घातली.
सुमेधा आणि आफरीन बघत बसल्या,
घंटा होऊन गेली.
वहीत लाल शाईनं आलं,
'विद्यार्थिनी उशिरा आली. पालकांनी नोंद घ्यावी.'
हेमराज उखडला, दहाच तर मिनिटं!
मी सहीला बसले.
पेन कोरडं पडलं होतं,
दोनदा गिरवावी लागली.