शकेल

मसुद्याच्या आठशे बाराव्या पानावर
एक क्रियापद होतं.
'संरक्षण खातं हे सुटे भाग
देशातल्या कारखान्यांकडूनच खरेदी करू शकेल.'
सात महिने मी त्या 'शकेल'च्या मागे होते.

लोक रस्त्यावर उतरून घोषणा देतात.
मी काना-मात्रेवर पोट भरते.
संघटनेचे तीनशे नऊ कारखाने,
त्यांची वर्गणी, वर्गणीतून माझा पगार,
आणि वॉशिंग्टनच्या जानेवारीत
संगमरवरी कॉरिडॉर तुडवून
एकाच बाजूला झिजलेले हे बूट.

तू नेमकं करतेस काय, आई विचारायची.
ताकाला जाऊन भांडं लपवत नाही आम्ही.
भांडं राजरोस टेबलावर ठेवतो,
ताकाला फक्त
'पुरवठा साखळीची लवचिकता' म्हणतो.

ते पान ज्याच्या हातात होतं
तो समितीचा ट्रेंट हॉलक्विस्ट, वय सव्वीस.
त्याला शेंगदाणा चालत नाही हे मला पाठ,
त्याच्या कुत्रीचं नाव पाठ,
त्याचे साहेब किती मतांनी वाचले तेही.
साहेबांच्या मतदारसंघात आमचे कारखाने चार,
त्यातला एक अखेरच्या घटका मोजणारा.
मी 'कारखाना' म्हणाले नाही.
म्हणाले, एक्केचाळीस घरं.
त्याने पेन्सिल उचलली.

पहाटे दोन वाजून दहा मिनिटांनी
'करू शकेल'चं 'करील' झालं.
एवढंच.
यंत्रात नाणी टाकून मी खारी बिस्किटं घेतली
आणि जिन्यात बसून एकटीने संपवली.

एप्रिलमध्ये ओहायोला, पिक्वाला गेले.
मालक डेल्मर क्लाइनहेन्झने फलक लावला होता,
माझ्या आडनावातलं एक अक्षर गाळून.
केकवर साखरेची स्प्रिंग.
ती कापताना सगळे हसले, मीही.

तपासणीच्या बाकावर व्हर्ना रिटनहाउस,
एकतीस वर्षं त्याच दिव्याखाली.
भिंगातून बघते, अंगठ्याने दाबते,
मग कानाशी नेऊन सोडते.
'ही आमची बारकी. हिला सूर असतो.
बेसूर निघाली की लाल डब्यात.'
तिने एक माझ्या हातावर ठेवली.
मी कानाशी धरली. काही ऐकू आलं नाही.
माझ्या धंद्यात तसं म्हणून चालत नाही;
मी मान डोलावली.

मग तिने विचारलं, सहज, हात न थांबवता,
'तुम्ही तर तिथल्याच. ही बसते कशात?
आम्हाला नुसता नंबर येतो.
माझा नवरा म्हणायचा, पॅराशूट.
तो गेल्यापासून मीही तेच धरून चाललेय.'

मला माहीत होतं.
परिशिष्ट क, ओळ चौदा.
पंखाखाली दोन आकडे असतात.
ही सुटली की ते उघडतात,
आणि विमान पाचशे पौंडांनी हलकं होतं.
खाली काय होतं ते परिशिष्टात नाही.
बावन्न बैठका झाल्या माझ्या, तीन सुनावण्या,
जेवणं तर मोजलीच नाहीत,
आणि हा प्रश्न
पहिल्यांदा कुणी विचारला होता.

डेल्मर दारात उभा, हातात केकची बशी.
मागे एक्केचाळीस घरांपैकी
बारा-पंधरा घरं कॉफी पीत होती.

'पॅराशूटही,' मी म्हणाले, 'असू शकेल.'

व्हर्नाने चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं,
जेवढं एका नगाला देते, तेवढाच वेळ.
पुढची स्प्रिंग उचलली. दाबली.
कानाशी नेली.
पुन्हा एकदा नेली.
आणि लाल डब्यात टाकली.