पूर्वीचा आजार

शुक्रवारी सोहारमध्ये रस्ते उशिरा उठतात.
सव्वाआठला एक स्ट्रेचर आत गेलं
आणि मागून आलेल्या बाईंना
कुणीतरी नुसत्या हातानं दाखवलं, तिकडे.
तिकडे म्हणजे मी.

इथे जीव अडवून ठेवत नाहीत, हे खरंच सांगते.
सुई, ऑक्सिजन, ईसीजीची पट्टी, सगळं आधी.
पण अँजिओग्राफी तिसऱ्या मजल्यावर,
आणि तिसऱ्या मजल्याची लिफ्ट
माझ्या काउंटरवरून वर जाते.

आठशे रियाल डिपॉझिट, मी इंग्रजीत म्हटलं,
मग फाइलवरचं नाव वाचलं: शिरसाट अनंत महादेव.
बाईंनी पॉलिसी काढली, साडीच्या प्लॅस्टिकमध्ये ठेवलेली.
"हे आहे ना. पन्नास हजार डॉलर लिहिलंय."

लिहिलंय.
पण कागदावरचे डॉलर झोपलेले असतात.
त्यांना उठवायला तिकडच्या कुठल्याशा ऑफिसात
कुणा मुलाला फोन लागावा लागतो,
आमच्या डॉक्टरांचा कागद त्याच्यापर्यंत पोचावा लागतो,
मग त्याचं एक ओळीचं पत्र: आम्ही देऊ.
ते आलं तर एक पैसा नको.
नाही आलं तर आधी भरा, मग मागा.
पावत्या जपा, गावी जाऊन अर्ज करा,
तीस दिवस म्हणतात. म्हणतात.

मुलगा शिफ्टवर, त्याचा फोन लॉकरमध्ये.
त्यांच्याजवळ दोनशे दहा रियाल, चहाच्या डब्यातून आणलेले.
नोटांना वेलचीचा वास होता.

फॉर्मवर एक चौकोन असतो, पूर्वीचा आजार.
तो मी रोज इंग्रजीत विचारते.
माणसं एकमेकांकडे बघतात, म्हणतात, नो, नो.
मी पुढच्या चौकोनावर जाते.
त्या दिवशी तोंडातून निघून गेलं,
"काकू, ह्यांना आधीपासून काही होतं का हो?"
आणि त्या, कपडे वाळत घालताना शेजारणीशी बोलावं तशा,
"बीपी आहे ना, अकरा वर्षं. गोळी कधी चुकवत नाहीत."

पेन तसंच राहिलं.
मराठीत विचारलं नसतं
तर त्या खरं बोलल्या नसत्या.

"पॉलिसी काढताना सांगितलं होतं?"
"एजंट म्हणाला, नका लिहू, हप्ता वाढेल.
हे कणकवलीच्या कोर्टात बेलिफ होते, सत्तावीस वर्षं.
म्हणाले, कागदावर आलेलं बरं.
अकराशे चाळीस रुपये जास्त गेले.
चार दिवस मी ह्यांच्याशी बोलले नव्हते."

पान सहा, मुंगीएवढी अक्षरं. होतं.
मी 'हो' इतकं दाबून लिहिलं
की खालच्या दोन्ही प्रतींवर उमटलं.

दोनशे दहाची पावती फाडली,
बाकीच्या रकमेपुढे माझी सही केली.
जोजी सर नाश्त्याला गेले होते.
नंतर ते बोलले मला. त्यांचं बरोबरच होतं.
लिफ्ट वर गेली.

पत्र पावणेतीनला आलं.
शंभर डॉलरची वजावट, ती पेशंटनं सोसायची,
म्हणजे साडेअडतीस रियाल.
उरलेले एकशे एकाहत्तर पॉइंट पाच शून्य शून्य
मी परत मोजून दिले.
"टिंबानंतर तीन आकडे कशाला?"
"इथे एका रियालचे हजार बैसे होतात, काकू."
त्यांनी पुन्हा मोजले. तिसऱ्यांदाही.

पाचला मुलगा आला, हेल्मेट काखेत,
चेहऱ्यावर घामाच्या रेघा.
काकूंनी त्याला आधी पावती दाखवली,
मग सांगितलं, बाबा शुद्धीवर आहेत, पेज मागतायत.

शनिवारी काउंटरवर एक माणूस आला,
बायकोला पोटात दुखतंय म्हणाला, हातात तसलीच पॉलिसी.
मी इंग्रजीत विचारलं.
त्यानं बायकोकडे बघितलं. नो, म्हणाला.
मी नो लिहिलं.