पलीकडचं यंत्र

वीस तारीख, रात्रीचे साडेनऊ.
बाराच्या आत जीएसटीचं रिटर्न भरायचं,
आणि बिलं सगळी बॅलार्ड इस्टेटला, तिसऱ्या मजल्यावर,
खिडकीकडून दुसऱ्या टेबलाच्या पोटात.
मी चारकोपला, ओट्याशी उभी,
कारण घरात रेंज धड मिळते ती मिक्सरशेजारीच.

नऊ आकडी नंबर वीजबिलाच्या पाठीवर लिहिलेला.
टाकला.
पलीकडचं यंत्र उपलब्ध नाही.
पुन्हा टाकला, एकेक आकडा मोठ्याने म्हणत,
जसं लांबच्या बहिऱ्या मामाशी बोलावं.
उपलब्ध नाही.

फ्रेझरला फोन केला. तो आयटीचा, राहायला वसईला,
मागे कुकरच्या शिट्ट्या.
राउटर बंद करून चालू करा. केलं.
फायरवॉल बघा. बघितली, म्हणजे
एक्सरे बघतो आपण तशी, मान हलवत.
मग जरा थांबून, अदबीने,
ऑफिसातलं मशीन चालू आहे ना, मॅडम?

सहाला निघाले तेव्हा होतं.
वर पिवळी चिठ्ठीही डकवलीय, बंद करू नये.
अंधारात ती कोण वाचणार, हे आत्ता सुचतंय.

खाली घाडीकाका असतात, गेटवर.
अकरा वर्षं मी त्यांना येता-जाता हात करते
आणि त्यांचा नंबर माझ्याकडे नाही.
दुसऱ्या मजल्यावरच्या पेस्तनजींकडून मिळवला.

लिफ्ट आठला बंद होते.
फोनमध्ये तीन मजल्यांचा श्वास,
किल्ल्यांचा जुडगा, चौथी किल्ली बरोबर.
"टेबल खंयचा?"
मी खिडकी सांगते, कपाट सांगते, डावं-उजवं चुकते.
अकरा वर्षं बसते तिथे, आणि सांगता येत नाही.
"लाल शाल हा खुर्चेर. गोळयांची पाकिटा. गणपती एक.
नाय, दोन."
हो काका, तेच.

मागे बघा, भिंतीशी, काळी वायर.
बराच वेळ काही नाही.
पंख्याचा खडखड आवाज, लांब गोदीत भोंगा.
मग, "बाय, पिन काढलेली हा."
आणि आणखी थोड्या वेळाने,
"हय चार्जर लटकता, तो माझोच.
खालच्या केबिनीतलो प्लग जळालो, पंधरा दिस झाले.
अर्धो भरलो इतक्यात गाडयेचो हॉर्न,
उतरलंय, नि तुमची पिन लावूक विसारलंय."

रागवायला तोंड उघडलं होतं.
पण ज्या फोनवर मी रागवणार
तो चालत होता माझ्याच प्लगवरच्या विजेवर.
ती पिन निघाली नसती तर
माझी रिंग वाजलीच नसती कदाचित.
लावा, म्हटलं. आता गोल बटण, हलकंच.

इकडे ओट्यावर, दुधाच्या पातेल्याशेजारी,
माझं टेबल उघडलं.
पासवर्ड टाकू लागले.
"टिंबा पडतत हत. तुम्ही पाडतास?"
मीच, काका.
"आपसून बाण चलता!"
तोही मीच.
मग काय वाटलं कोण जाणे,
बाण दोनदा डावीकडे-उजवीकडे हलवला,
गेटवर हात करते तसा.
तिकडे त्यांनी काय केलं ते मला दिसलं नाही.
फोनमध्ये नुसतंच एक छोटं हसू,
आणि दार ओढून घेतल्याचा आवाज.

अकरा चाळीसला रिटर्न गेलं.
फ्रेझरची तक्रार बंद करायची तर कारण लिहावं लागतं.
लिहिलं, पिन सैल होती.
खाली दुसरी तक्रार उघडली,
तळमजला, वॉचमन केबिन, प्लग जळालेला, पंधरा दिवस.
लगेच उत्तर आलं, हे आयटीत येत नाही.
आलंच पाहिजे, असं मी परत लिहिलं.

मग चारकोपहूनच यंत्र नीट बंद केलं,
एकेक फाइल मिटून,
आणि फोन लावला.
काका, झोपला नाहीत ना?
आता काढा पिन.