कवडीचा उंदीर

ऑकलंडहून येताना सामिसोनीने आणली
तीन मजली पेटी. उघडली की तिचा जिना होतो.
मी वल्ह्यावर होतो, म्हणून सगळं नीट पाहिलं.

वरच्या पायरीवर चमचे : पितळी, पाठीवर खवले कोरलेले,
ओढले की लंगडतात पाण्यात, आणि लंगड्याच्या मागे
बाराकुडांची अख्खी वस्ती लागते.
त्याखाली पॉपर, तोंड वासलेला;
दोरीला हिसका दिला की पाण्यावर डबक् म्हणतो.
शिशाचा जिग तळाला टेकू द्यायचा,
मग उचलायचा, मग पडू द्यायचा.
"पडतानाच चावतात," सामिसोनी म्हणाला,
"वर जाताना कुणी विचारत नाही."
(ऑकलंडात तो छपरं घालायचा. एकदा पडलाही होता.)
सर्वांत खाली रबरी अळ्या,
बडीशेपेचा वास मारणाऱ्या.
मी एक चाटून पाहिली. बडीशेप नव्हती.

आत्या कालोलाइने हे सगळं बघत होती
मांडीवर हात ठेवून. आमच्या हापाईत
आत्यासमोर पुतण्याने पाय पसरायचे नसतात,
तिचा शब्द खाली पडू द्यायचा नसतो.
"हे सगळे भुकेचे," ती म्हणाली. "झालं दाखवून?"
आणि टोपलीतून काढला तिचा एकुलता एक :
एका टोकाला निमुळता दगड,
पाठीवर ठिपकेवाल्या कवडीची दोन ढलपं,
काथ्याने आवळलेली,
मागे माडाच्या झावळीचा हीर, शेपूट म्हणून.
गळ नाही. टोक नाही. आमिषाचा कणही नाही.
बाजारात फुटक्या कवडीलाही विकला जाणार नाही
असा उंदीर.

गोष्ट आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक :
होडी बुडाली, उंदीर गटांगळ्या खात होता,
ऑक्टोपसने त्याला डोक्यावर घेतलं, काठाला आणलं.
उंदीर उतरला आणि खिदळत म्हणाला,
डोकं चाचपून बघ, भाडं ठेवलंय.
लेंड्या होत्या.
तेव्हापासून डूख धरलाय. किती पिढ्या झाल्या,
त्या ऑक्टोपसचं हाडही उरलं नाही
(त्याला हाड नसतंच, पण म्हणायची रीत).

खडकाचा उंबरा, जिथे हिरवं संपून निळं लागतं,
तिथे आत्याने उंदीर सोडला, मनगट हलवलं.
कवड्या खडखडल्या.
सामिसोनीचा चमचा दोनदा प्रवाळात अडकला, एकदा तुटला.
"फिलिमोनेला भेटलास?" आत्याने पाण्याकडे बघत विचारलं.
फिलिमोने त्याचा धाकटा भाऊ.
बोटीच्या एका इंजिनावरून नऊ वर्षं अबोला.
सामिसोनी दोरी गुंडाळत राहिला,
गुंडाळलेलीच पुन्हा.

मग खडकाचाच एक तुकडा सुटला, तपकिरी, मग लाल,
आणि आठही हातांनी उंदरावर पडला.
आत्या ओढू लागली, सावकाश, जाळं वाळत घालावं तशी.
अर्ध्या पाण्यात, वर उजेड दिसताना,
होडीची सावली अंगावर आली तेव्हासुद्धा
त्याला अडवणारं काही नव्हतं. हात सैल करायचे, बस.
तो अजून आवळत होता.
आत्याने दोन डोळ्यांच्या मधे दात रोवले. रंग गेला.
पांढरे पडलेले हात उंदरावरून सोडवायला मात्र
तिला माझी मदत लागली.

परतताना सामिसोनीने उंदीर मागितला,
उलटासुलटा केला, गाठ शोधली; सापडेना.
"ही कोण बांधतं आता?"
"एकालाच येते," आत्या म्हणाली, आणि नाव घेतलं नाही.

किनाऱ्याला पेटीचे मजले मिटले.
मी होडी वाळूत ओढली, ऑक्टोपस दगडावर आपटला
चाळीसदा, मऊ होईपर्यंत.
वर पाहिलं तर सामिसोनी तिथेच,
मूठ मिटलेली, बोटांतून शेपटीचा हीर बाहेर.
आत्याने हात पुढे केला.
त्याने दिला नाही.