न वाचलेले : १२४३

सत्तावीस वर्षं मी सकाळी साडेसातला
ऐरोलीतल्या आमच्या वाचनालयाचं शटर अर्धं वर करते,
वाकून आत शिरते
आणि नऊ वर्तमानपत्रं काठ्यांना लावते.
दुपारी कात्री.
गव्हाच्या पिठाची खळ, तिच्यात चिमूटभर मोरचूद,
नाहीतर झुरळं बातम्या खातात.
पाणीपुरवठा एका वहीत, मिठागरं दुसरीत,
साडेबारा टक्क्यांच्या वहीला तर
पाठोपाठ तीन भावंडं झाली.

आता अध्यक्ष म्हणतात, मढवीबाई, हेही शिकून घ्या.

शिकवायला आली कौशाची नाझनीन,
ग्रंथपालनाच्या दुसऱ्या वर्षाला, माझ्या धाकटीहून लहान.
"मावशी, आपण बातमीच्या मागे नाही फिरायचं.
तिला एकदा पत्ता देऊन ठेवायचा,
ती येऊन बसेल."
म्हणजे रतीब, मी म्हटलं.
"रतीब म्हणजे?"
मग थोडा वेळ मी शिकवलं.

रतीब लावले. खाडीचा, पाण्याचा, नव्या पुस्तकांचा,
आणि चुकून बोट लागून कुठल्याशा क्रिकेटचा.
दुसऱ्या दिवशी पडद्यावर ठळक अक्षरांत :
न वाचलेले १२४३.
पोटात गोळाच आला.
शाळेत गृहपाठ राहिल्यावर यायचा तसा.
जेवायला न उठता सत्त्याण्णव वाचले,
तोवर खाली दोनशे नवीन.
हिराजी घरत पेपर नेहमी मागून उघडतात,
आधी निधनवार्ता, मग बाकीचं जग.
ते माझ्या खांद्यावरून बघत म्हणाले,
"यात शेवटचं पान कुठाय?"

नाही, काका.

मग एकदा कपाट क्रमांक चार पुसताना
माझं मलाच हसू आलं.
हे अख्खं कपाट न वाचलेलं.
याच्यासाठी मी कधी जेवण सोडलं?
त्या दिवसापासून आकडा नुसता बघते,
भरतीचा बघतात तसा.

सेक्टर आठमधला कोणी मुलगा
खाडीवरचे पक्षी मोजून ब्लॉग लिहितो.
एका मंगळवारी पक्षी नव्हते. फोटो होता :
खारफुटीत दोन दगडी खांब, आतून उभ्या खाचा,
आणि खाली, "प्राचीन अवशेष असावेत. कुणाला माहिती आहे?"

प्राचीन!
अरे, त्या चुन्यात माझ्या बापाची बोटं आहेत.

ती उघडी. खाडीच्या बांधातलं दार.
भरती चढली की खाचांतून फळ्या खाली सोडायच्या,
ओहोटीला वर ओढायच्या,
खारं पाणी भातात शिरता कामा नये.
रात्री दोनची भरती असली तरी बाप उठायचा.
घड्याळ नव्हतं आमच्यात. चंद्र होता आणि त्याची खोकी.

लिहायला बसले. काळूची उघडी.
क सापडला, काना सापडला,
ळ कुठेच नाही.
सगळ्या बटणांवरून दोनदा फिरले.
नाझनीनला फोन केला.
"मावशी, ल च्याच घरात आहे. शिफ्ट दाबून ठेवा."
दाबलं. आला.
एवढी वर्षं शेजारी राहणारं माणूस
दार वाजवल्यावर बाहेर यावं, तसा.

सात ओळींना पाऊण तास लागला.

सकाळी रतिबात एक ठळक ओळ जास्तीची :
दमयंती मढवी यांचं उत्तर.
माझंच नाव, न वाचलेलं.
उघडलं नाही. काठ्या लावल्या, नळ भरला,
मग छापून काढलं, कात्रीने कापलं,
कडेला खळ फिरवली,
आणि अडले. कुठल्या वहीत?
मिठागरांत बसत नव्हतं.
निधनात हात जाईना.

खळ वाळत होती. घरतकाकांनी कागद ओढून घेतला,
चष्मा कपाळावर चढवून, डोळ्यांशी धरून वाचला.
बराच वेळ.
"फळ्या सात होत्या," म्हणाले,
"तू सहा लिहिल्यास.
सातवी मी धरायचो."

परत खुर्चीत बसले.
फ.
मग शिफ्ट दाबून ठेवलं.