श्रुतलेखन

कुमासी शहर, सुआमे भाग. तिसरीचा वर्ग.
भिंतीपलीकडे गॅरेजांचं अख्खं गाव,
मोडक्या ट्रकना तिथे ठोकून ठोकून
पुन्हा ट्रकपण आणतात.
साडेसातला पहिला घण.
आठपर्यंत इतके, की मोजणं सोडून द्यावं.
मग वेल्डिंगची चरचर, आणि एखादं इंजिन
खोकत खोकत उठतं,
उठल्याचं सगळ्यांना सांगत बसतं.

मी सेरवा आम्पोमा. वय एक्केचाळीस,
घसा सत्तरीचा.
पर्समध्ये आल्याचा तुकडा, खडूइतकाच रोजचा.
घरी नवरा म्हणतो, अगं, मी इथेच आहे,
ओरडतेस कशाला?

मी म्हटलं, न्सुओ. म्हणजे पाणी.
मागच्या बाकावर बोआडूनं लिहिलं, सुरो.
म्हणजे भिणं.
लाल पेन उचललं, खाली ठेवलं.
पोरानं ऐकलं ते लिहिलं.
एक अक्षर घणानं नेलं, एक आणून टाकलं,
याचे गुण मी कुणाचे कापू?

एकदा कचेरीतून माणूस आला, मापयंत्र घेऊन.
दारात उभा राहून म्हणाला, ब्याऐंशी.
मुलांनी टाळ्या पिटल्या,
त्यांना वाटलं, वर्गाला गुण पडले.
तोही हसला. लिहून घेतलं. गेला.
ब्याऐंशीचं पुढे काय झालं, कळलं नाही.

खिडक्या लावल्या तर जीव गुदमरतो,
उघडल्या तर शब्द.

मागच्या गुरुवारी कुणा थोरल्या मिस्त्रीचा
सातवा दिवस होता.
सगळी गॅरेजं काळे-लाल कपडे घालून तिकडे गेली.
दहाच्या सुमाराला कळलं,
छताच्या पत्र्यावर सरडा चालतोय.
बारा वर्षं चालत असणार.

मी म्हटलं, न्सुओ,
आणि माझ्याच आवाजानं दचकले.
केवढा मोठा. केवढा चिडलेला.
हाच देत आले का मी या लेकरांना?
पुन्हा म्हटलं, हळू.
बोआडूनं पाणी लिहिलं,
नीट, वळणदार, ओळीच्या आत.

आफ्रीये मात्र पेन्सिल धरून तशीच.
ती रोज सांगायची, बाई, ऐका,
दोन बारीक, एक जड, तो माझा बाबा.
एवढ्या घणांत तिला तो एक वेगळा यायचा.
बाबा सातव्याला गेलाय, तिला ठाऊक होतं.
तरी कान खिडकीशी.

मी तिच्या बाकापाशी गेले.
तिनं लिहिलं होतं, सुरो.

वर सरडा थांबला होता.