इतर

मांगलियाच्या टोलनाक्यापाशी तास भरले.
पडद्यावरचा ठिपका लाल झाला:
चालक रेवाराम चौकसे,
आठ तास सक्तीची विश्रांती.
घर बाणगंगेत. चौदा किलोमीटर.

फोन आला. 'ताई, अर्धा तास द्या फक्त.
उद्या पोराचा गणिताचा पेपर आहे.'
मी नियम वाचून दाखवला,
शिकवलाय तसा, आवाज न चढवता.

माझे बाबाही ट्रकवरच होते.
शिप्रेच्या पुलाआधी त्यांचा डोळा लागला
तेव्हा थांबवणारं कुणी नव्हतं.
हे काही त्याला सांगितलं नाही.

साडेदहाला यंत्र किरकिरलं:
केबिनमध्ये अनधिकृत व्यक्ती. दोन.
हिरवट उजेडात बाई डबा सोडतेय,
मांडीवर स्कूटीचं हेल्मेट.
पोरानं वही स्टेअरिंगवर टेकवलीय.
रेवाराम डाव्या हातानं पेन्सिल धरतो,
उजवा डाळीत बरबटलेला,
एक उदाहरण खोडतो, पुन्हा मांडतो.
मग वर कॅमेऱ्याकडे बघतो.
म्हणजे माझ्याकडे.

'कारण नोंदवा,' खाली चौकट उघडते.
चोरी. अपघात. इतर.

मी 'इतर' दाबते.
साडेसहा तास उरलेत,
आणि उदाहरण अजून सुटलेलं नाही.